दूध नसलेली दोन ताटं: स्वस्त वीगन स्वयंपाकाची एक चिकित्सा

(खराडी येथे दिलेल्या व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे. शेवटी निवडक प्रश्नोत्तरं दिली आहेत.)



'कमी खर्चातला घरगुती वीगन स्वयंपाक' हा आजचा विषय. तो जाहीर झाल्यावर दोन शंका माझ्यापर्यंत आल्या. पहिली अशी की, तत्त्वज्ञानाच्या माणसाचा पोळी-भाजीशी काय संबंध? दुसरी अशी की, 'वीगन' आणि 'कमी खर्च' हे दोन शब्द एका वाक्यात बसतात तरी का? पहिल्या शंकेचं उत्तर सोपं आहे. तैत्तिरीय उपनिषदात भृगू ब्रह्माचा शोध घ्यायला बसतो तेव्हा त्याला पहिलं उत्तर सापडतं ते अन्न. पुढे तो आणखी वर जातो, पण पहिली पायरी तीच आहे. दुसऱ्या शंकेसाठी मात्र पुढचा सगळा वेळ लागणार आहे.

आधी शब्द स्पष्ट करून घेऊ. वीगन म्हणजे प्राण्यापासून आलेलं काहीही न खाणारा. मांस, मासे, अंडी नाहीत. दूध, दही, ताक, लोणी, तूप, पनीर नाही. मधही नाही. आपल्याकडचा शाकाहारी माणूस यातल्या पहिल्या तीन गोष्टी सोडतो आणि उरलेल्या गोष्टी दुप्पट खातो. (हशा)

मी इथे पाककृती शिकवायला आलेलो नाही, ते काम माझ्याहून चांगलं करणारी माणसं या सभागृहात बसली आहेत. मला समीक्षा करायची आहे. गेल्या काही वर्षांत 'स्वस्तात वीगन' हा लेखनाचा आणि चित्रफितींचा एक स्वतंत्र प्रकारच तयार झाला आहे. कथा-कादंबरीला आपण जे प्रश्न विचारतो ते यालाही विचारावेत असं मला वाटतं. हा प्रकार काय गृहीत धरतो? काय मोजतो आणि काय मोजायचं सोडून देतो? तो कोणाशी बोलतो, आणि कोणाबद्दल बोलून त्यांच्याशी मात्र बोलत नाही?

खराडीत हे विचारायला सोयीचं आहे. इथे ईऑन आयटी पार्क आहे, वीस-वीस मजली इमारती आहेत, एका खोलीत तिघं राहणारी पीजीतली मुलं आहेत आणि या सगळ्यांचं घर चालवणाऱ्या मावशी, वॉचमन, डबेवाल्या बायकाही आहेत. यातल्या कितीतरी जणांची गावं मराठवाड्यात, नगर-बीडकडे. आता दोन स्वयंपाकघरं डोळ्यांसमोर आणा. एका इमारतीत सकाळी मावशी रात्री भिजवलेले बदाम सोलतात, मिक्सरमध्ये वाटतात, फडक्यातून गाळतात आणि त्याचं 'दूध' करून ठेवतात, कारण त्या घरानं दूध सोडलंय. संध्याकाळी त्याच मावशी स्वतःच्या घरी डाळ-भात आणि एखादी पालेभाजी करतात. त्या ताटातही दूध नाही, तूप नाही. आता सांगा, या दोन्ही ताटांना वीगन म्हणायचं का?

माझ्या मते आजच्या विषयाचा गाभा या प्रश्नात आहे. आणि तो सोडवायला आपल्याकडे एक जुनं, चांगलं हत्यार आहे.

न्याय-वैशेषिकांनी 'अभाव' हा एक स्वतंत्र पदार्थ मानला. पदार्थ म्हणजे खाण्याचा नव्हे, ज्याला नाव देता येतं आणि जे ज्ञानाचा विषय होतं तो. अन्नंभट्टाच्या तर्कसंग्रहात अभावाचे चार प्रकार सांगितलेले आहेत. मडकं घडण्याआधी मातीत त्याचा जो अभाव असतो तो प्रागभाव. मडकं फुटल्यावर खापरांमध्ये जो उरतो तो प्रध्वंसाभाव. वाऱ्याला रूप नाही. नव्हतं, नाही, नसणार. हा अत्यंताभाव. आणि मडकं म्हणजे कापड नव्हे, हा अन्योन्याभाव. यावर नैयायिक आणखी एक अट घालतात. अभाव नुसता कधी नसतो, तो कशाचा तरी असतो. ज्याचा अभाव, त्याला ते 'प्रतियोगी' म्हणतात. प्रतियोगी ठाऊक नसेल तर अभाव कळत नाही.

हे आता स्वयंपाकघराला लावून पाहू.

मावशींच्या घरात दुधाचा प्रागभाव आहे. दूध अजून आलेलं नाही, पण ते हवं आहे. पगार वाढला, मूल आजारातून उठलं, पाहुणे आले, की अर्ध्या लिटरची पिशवी येणार. वरच्या मजल्यावरच्या घरात प्रध्वंसाभाव आहे. दूध होतं, विचार करून सोडलं. हा त्याग आहे आणि त्याचा मी आदरच करतो. पण त्यागाला आधी काहीतरी हातात असावं लागतं. जे मिळालंच नाही ते सोडलं असं म्हणता येत नाही. म्हणून या दोन ताटांना एकच नाव दिलं, तर आपण एका माणसाची टंचाई दुसऱ्याच्या सद्गुणाच्या खात्यात जमा करतो. तसं करू नये.

तिसरा प्रकार पिठल्याचा. बेसन, पाणी, तेल, फोडणी, मिरची, लसूण. पिठल्यात दूध कधी नव्हतं. त्याची आठवण नाही, त्याची वाटही नाही. ठेचा, दाण्याची चटणी, मटकीची उसळ, कटाची आमटी, भरलं वांगं, अळूचं फदफदं, हे सगळे अत्यंताभावाचे धनी. आणि चौथा प्रकार बदामाच्या दुधाचा. बदामाचा रस म्हणजे दूध नव्हे, जसं मडकं म्हणजे कापड नव्हे. हा साधा अन्योन्याभाव, पण नाव मात्र दुधाचं दिलेलं.

इथे माझा पहिला आक्षेप येतो. 'स्वस्तात वीगन' हा प्रकार बहुतांशी या चौथ्या खोलीत राहतो. मूळ पाककृती पनीरची. तिची वीगन प्रतिकृती टोफूची. टोफू महाग पडतो म्हणून त्या प्रतिकृतीची स्वस्त प्रतिकृती. काजूच्या सायीऐवजी दाण्याची साय, बदामाच्या दुधाऐवजी ओट्सचं, चीजऐवजी बटाटा-गाजर उकडून वाटलेला पिवळा गोळा. ज्याच्या खिशात पैसे कमी त्याच्या वाट्याला तिसऱ्या हाताची नक्कल येते. बरं, ती खाताना प्रतियोगी सारखा समोर बसलेला असतो. प्रत्येक घासाला जीभ विचारते, पनीरसारखं लागतंय का? आणि जीभ प्रामाणिक असते, ती 'नाही' म्हणते. आठवड्याभरात माणूस कंटाळतो आणि म्हणतो, वीगन होणं मला परवडत नाही आणि जमतही नाही. वास्तविक त्याला परवडली नाही ती नक्कल. बाजारात एक लिटर तयार बदामाच्या दुधाला जे पैसे पडतात त्यात साधारण किलोभर तूरडाळ येते आणि वर काही उरतं. त्या किलोभर डाळीत दोनशे ग्रॅमच्या वर प्रथिनं आहेत. बदामाच्या दुधात बहुतेक पाणीच.

नकलेला मी सरसकट नावं ठेवत नाही. एक जागा अशी आहे जिथे तिची गरज पडते, ती म्हणजे चहा. मराठी घरातला दुधाचा खरा किल्ला देवघर नव्हे, चहाचं पातेलं. गांधीजींना दूध सोडणं कठीण गेलं. आपल्याला त्यांच्याहून सोपं जाईल असं समजू नका.

गांधीजींचं नाव घेतलं ते उगाच नाही. या विषयाचा एक मोठा अध्याय याच नगर रस्त्यावर, इथून काही किलोमीटरवर घडला आहे. १९१२ साली दक्षिण आफ्रिकेत असताना त्यांनी दूध सोडलं होतं. १९१८ मध्ये आजारपणानं अगदी खंगले, डॉक्टर दुधाचा आग्रह धरू लागले आणि कस्तुरबांनी तोड काढली: व्रत गाई-म्हशीच्या दुधाचं धरा, शेळीचं घ्या. त्यांनी घेतलं. व्रताचं अक्षर पाळलं पण आत्मा मोडला, ही खंत त्यांनी स्वतः आत्मकथेत नोंदवली आहे. पुढे १९४२ च्या ऑगस्टपासून ते आगाखान पॅलेसमध्ये स्थानबद्ध होते. त्या काळात तिथे त्यांनी आरोग्यावरचं पुस्तक लिहून काढलं, 'आरोग्याची गुरुकिल्ली'. त्यात ते स्पष्ट म्हणतात की काटेकोर अर्थानं दूध शाकाहारात बसत नाही, ते प्राणिज आहे. आणि तरीही स्वतःच्या अनुभवावरून दुधाशिवाय चालत नाही हेही कबूल करतात. तत्त्व एकीकडे आणि शरीर दुसरीकडे, दोन्ही त्यांनी लपवलं नाही.

१९४४ च्या मे महिन्यात ते तिथून सुटले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये इंग्लंडात डोनाल्ड वॉटसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वीगन सोसायटी स्थापन केली. 'व्हेजिटेरियन' या शब्दाची सुरुवातीची आणि शेवटची अक्षरं घेऊन 'वीगन' हा शब्द तयार झाला. एक गोष्ट ध्यानात घ्या, ते युद्धाचे दिवस होते. इंग्लंडात अन्नावर रेशनिंग होतं आणि ते पुढे १९५४ पर्यंत चाललं. म्हणजे हा शब्द ज्या काळात जन्मला तो चैनीचा नव्हता, शिधापत्रिकेचा होता. तो महागड्या दुकानांत पुढे जाऊन बसला. तेव्हा 'वीगन म्हणजे श्रीमंतांचं खूळ' असं म्हणणाऱ्यांनी एवढा इतिहास तरी लक्षात ठेवावा.

आता दुसरा आक्षेप, आणि हा आपल्याच माणसांवर आहे. 'हे परदेशातून काय शिकायचं? आपलं पारंपरिक जेवण आधीपासून वीगनच होतं,' असं अभिमानानं सांगणारे लेख तुम्ही वाचले असतील. त्यात अर्धं सत्य आहे, म्हणून ते जास्त काळजीपूर्वक तपासायला हवं.

आपली छापील परंपरा पाहू. मराठीतलं सुरुवातीचं छापील पाकशास्त्र म्हणजे रामचंद्र सखाराम गुप्ते यांचं १८७५ चं 'सूपशास्त्र'. १९७० साली कमलाबाई ओगल्यांचं 'रुचिरा' आलं आणि वाटी-चमच्याच्या मापानं त्यानं पिढ्यान् पिढ्या घरं सांभाळली. हे मोठं काम आहे. पण या परंपरेतलं घर कोणतं? जिथे दूध नासतं म्हणून त्याचं काय करावं हा प्रश्न पडतो, साय साठवून लोणी काढलं जातं, वरणावर तूप पडतं ते घर. दूध-दुभतं हे त्या जेवणाचं गृहीतक आहे. याला वीगन परंपरा म्हणणं म्हणजे पुस्तक न उघडता अभिप्राय देणं.

मग दुसरं घर पाहा. शाहू पाटोळे यांचं 'अन्न हे अपूर्णब्रह्म' २०१५ साली आलं. मराठवाड्यातल्या दलित समाजाच्या जेवणाचं ते पुस्तक, आणि नावातला तो एक 'अ' पुष्कळ काही बोलून जातो. त्या स्वयंपाकात तुपा-दुधाची रेलचेल नाही, भाकरी-कोरड्यास आहे, रानभाज्या आहेत, डाळी आहेत. इथवर वाचून कोणी म्हणेल, मिळालं बघा वीगन ताट! त्यांनी पुढची पानं वाचावीत. त्यात वजडी आहे, रक्ती आहे, वाळवून ठेवलेल्या मांसाच्या चान्या आहेत. दूध नव्हतं म्हणून तो स्वयंपाक प्राणिज अन्नापासून दूर नव्हता. उलट दुधाची श्रीमंती ज्यांच्यापाशी नव्हती त्यांनी प्रथिनं तिथून मिळवली. कोकणात तेच काम सुकटीनं आणि सुक्या बोंबलानं केलं.

म्हणून 'आपण सगळे आधी वीगनच होतो' हे वाक्य दोन घरांतली माणसं पुसून टाकतं. वरच्या घरातलं तूप लपवतं आणि खालच्या घरातलं मांस लपवतं. अशी परंपरा कुठेच नव्हती. शिवाय ज्याला आपण मराठी जेवणाचा आत्मा समजतो तो शेंगदाणा दक्षिण अमेरिकेतला, मिरचीही तिकडचीच. परंपरा म्हणजे बराच काळ केलेली तडजोड असते, आणि त्यात कमीपणा नाही.

याचा आजच्या काळाशी थेट संबंध आहे. २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये आपल्या राज्यात शाळेच्या पोषण आहारात आठवड्यातून एकदा अंडं द्यायचा निर्णय झाला. २०२५ च्या जानेवारीत त्याचा सरकारी निधी थांबवला गेला. मी अंड्याचा प्रचारक नाही. पण एखादा प्रौढ माणूस विचार करून अंडं सोडतो, आणि एका मुलाच्या ताटातून ते काढून घेतलं जातं, या दोन घटनांमध्ये जो फरक आहे तो वीगन विचार मानणाऱ्यांनी सर्वात मोठ्यानं सांगायला हवा. कारण त्यांचा सगळा नैतिक पाया 'मी निवडलं' या दोन शब्दांवर उभा आहे.

सरकारचं आणखी एक ताट पाहू. २६ जानेवारी २०२० ला शिवभोजन थाळी सुरू झाली. दहा रुपयांत तीस-तीस ग्रॅमच्या दोन चपात्या, शंभर ग्रॅम भाजी, दीडशे ग्रॅम भात आणि शंभर ग्रॅम वरण. तूप सोडलं तर, आणि त्यात तूप कुठून असणार, हे ताट अक्षरशः वीगन आहे. त्याआधी १९९५ मध्ये एक रुपयाची झुणका-भाकर होती, तीही तशीच. म्हणजे महाराष्ट्र सरकारनं दोनदा राज्यभर स्वस्त वीगन जेवण दिलं आणि कोणालाच तो शब्द आठवला नाही. पण ताट नीट बघा. पोट भरतं ते चपाती-भातानं. डाळ आहे ती पातळ वरणातली. अत्यंत उपयोगी योजना, कामावरच्या माणसाची दुपार भागते. पण रोज तिन्ही त्रिकाळ हेच खायचं म्हटलं तर अपुरं. स्वस्त ताटाचा कल आपोआप धान्याकडे झुकतो, कारण पोट भरायला तेच सर्वात स्वस्त.

ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२१ मध्ये दीडशे देशांतल्या अन्नाच्या किमती तपासल्या. श्रीमंत देशांत वीगन आहारानं खर्च एक तृतीयांशापर्यंत कमी होतो असं त्यांना दिसलं. पण भारतीय उपखंडासारख्या भागात आरोग्यपूर्ण वनस्पतिजन्य आहार लोकांच्या सध्याच्या जेवणापेक्षा किमान एक तृतीयांशानं महाग पडतो. यात विसंगती नाही. तिकडे ताटातून मांस-चीज जातं, म्हणजे महाग वस्तू जाते. इथे गरीब माणसाच्या ताटातून जायला महाग काही नाहीच, उलट डाळ, भाजी, फळ, दाणे यायला हवेत, आणि त्याला पैसे पडतात. तेव्हा परदेशी लेखातलं 'वीगन व्हा, पैसे वाचवा' हे वाक्य जसंच्या तसं इथे आणून लावता येत नाही.

तिसरा आक्षेप हिशोबाचा. 'चाळीस रुपयांत चौघांचं जेवण' असं शीर्षक असतं. आत पाहावं तर डाळ मोजलेली, तांदूळ मोजलेला, आणि तेल, मसाला, गॅस 'घरात असतोच' या खात्यात. घरात काय असतंच, हे कोणी ठरवलं? महिन्याच्या सुरुवातीला पाच किलो डाळ एकदम घेणाऱ्याला ती स्वस्त पडते. रोज पावशेर घेणाऱ्याला तीच डाळ किराणा दुकानात महाग पडते. कमी पैसे असलेला माणूस किलोमागे जास्त पैसे देतो, हे अर्थशास्त्र या पाककृतींच्या गावीही नसतं. पीजीतल्या मुलाकडे एक इंडक्शनची शेगडी, एक पातेलं, फ्रिजमध्ये अर्धा कप्पा. त्याला 'आदल्या रात्री चार कडधान्यं भिजवा, मोड आणा, वाटण करून ठेवा' असं सांगणं म्हणजे चेष्टा आहे.

आणि सर्वात मोठी न मोजलेली वस्तू म्हणजे हात. निवडणं, भिजवणं, वाटणं, दळण आणणं, भाकऱ्या थापणं. डाळी-धान्याचा स्वयंपाक पैशानं स्वस्त असतो कारण तो वेळेनं महाग असतो, आणि तो वेळ बहुतेक घरांत एकाच व्यक्तीचा असतो. घरातल्या कर्त्या पुरुषाच्या मनात करुणा उपजली आणि तिची किंमत बाईच्या मनगटानं दिली, तर त्या करुणेचा हिशोब अजून पूर्ण झालेला नाही. (टाळ्या) टाळ्या नकोत, उद्या कुकर लावा.

आता असा विषय ज्यात मतभेदाला जागा नाही. जीवनसत्त्व ब-१२. वनस्पतींमधून ते भरवशानं मिळत नाही. याबाबतीत पुण्याकडे स्वतःचा पुरावा आहे. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये ४४१ पुरुषांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात खेड्यातले होते, वस्तीतले होते, शहरी मध्यमवर्गीयही होते. ६७ टक्के लोकांत ब-१२ कमी निघालं. आणि शहरी मध्यमवर्गीयांत? ८१ टक्के. म्हणजे दूध परवडणारा वर्गच जास्त कमतरतेत. यातून दोन गोष्टी निघतात. 'आम्ही दूध घेतो, आम्हाला काळजी नाही' हे शाकाहाऱ्यानं म्हणू नये. आणि जो दूधही सोडतो त्यानं डॉक्टरांना विचारून ब-१२ ची गोळी घ्यावी, ती नियमानं घ्यावी, आणि तिचा खर्च डाळ-तांदळाच्याच यादीत लिहावा. तो फार नसतो. पण 'नैसर्गिक आहारात सगळं मिळतं' असं लिहून ही एक ओळ गाळणारी वीगन पाककृतींची पुस्तकं मला बेजबाबदार वाटतात.

मग चांगला स्वस्त वीगन स्वयंपाक कसा असेल? समीक्षकाला हा प्रश्न टाळता येत नाही. माझ्या मते तो अत्यंताभावाच्या खोलीतून सुरू होतो. ज्यात दूध कधी नव्हतंच अशा पदार्थांची यादी आधी करा. मराठी घरात ती सहज पन्नासच्या वर जाईल. मग तिला चार बाजूंनी तपासा: धान्य, डाळ किंवा कडधान्य, तेलबी आणि पालेभाजी. धान्यात जे अमिनो आम्ल कमी असतं ते डाळीत भरपूर असतं आणि डाळीत कमी असतं ते धान्यात, म्हणून भाकरी-उसळ ही जोडी टिकली. तेलबी म्हणजे दाणे, तीळ, जवस, कारळे. यांच्या कोरड्या चटण्या महिनाभर टिकतात, त्यांना फ्रिज लागत नाही, पीजीतल्या मुलालाही डब्यात ठेवता येतात. शंभर ग्रॅम दाण्यांत पंचवीस ग्रॅमच्या आसपास प्रथिनं असतात. सोयाबीनच्या वड्यांत त्याच्या दुप्पट, आणि त्या शिजायला दहा मिनिटं पुरतात. आपल्या नाकाला त्यांचा वास आवडत नाही हे खरं, पण गरम पाण्यातून काढून घट्ट पिळल्या आणि कांदा-खोबऱ्याच्या काळ्या मसाल्यात परतल्या की तक्रार कमी होते. कॅल्शियमसाठी नाचणी: शंभर ग्रॅमला साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास, तर तेवढ्याच गाईच्या दुधात सव्वाशेच्या आत.

कढीची वीगन नक्कल करू नका, आमसुलाचं सार करा. शिऱ्याला तूप नाही म्हणून हळहळू नका, तिळगूळ करा. पुरणपोळीच्या दिवशी डाळ शिजवून उरलेलं पाणी टाकायचं नाही म्हणून ज्या कोणी बाईनं कटाची आमटी पहिल्यांदा केली, तिला मी या विषयातली पहिली विचारवंत मानतो. तिनं कशाची नक्कल केली नाही. हातात काय आहे ते पाहिलं आणि त्याचं नवं काहीतरी केलं. आज त्या आमटीसाठी लोक पुरणाचा घाट घालतात.

सुरुवातीचा प्रश्न राहिला. मावशींच्या ताटाला वीगन म्हणायचं का? माझं उत्तर, नाही. ज्या दिवशी त्यांना दूध, अंडं, मासे यातलं काहीही विकत घेणं सहज शक्य असेल आणि तरीही त्या नको म्हणतील, त्या दिवशी म्हणू. तोपर्यंत आपलं काम त्यांच्या ताटाला नाव देण्याचं नाही. त्यांचा पगार वेळेवर आणि पुरेसा देण्याचं आहे. आणि वरच्या घरातल्या त्यागाला मी एवढंच सुचवीन की बदामाचं दूध काढून घेण्यापेक्षा मावशींना एकदा विचारा, तुमच्याकडे उसळ कशी करतात? शिकायचं असेल तर तिथे शिकण्यासारखं पुष्कळ आहे.



निवडक प्रश्नोत्तरं

प्रश्न: सर, दूध सोडलं तर आमच्या शिरूर-नगरकडच्या शेतकऱ्याचं काय? त्याचं घर दोन गाईंवर चालतं.

उत्तर: प्रश्न रास्त आहे. दुधाचा पैसा दर काही दिवसांनी हातात येतो, उसासारखी वर्षभर वाट पाहावी लागत नाही, म्हणून तो घराचा आधार असतो. शहरातल्या थोड्या लोकांनी दूध सोडल्यानं तो आधार उद्या कोसळणार नाही. दूध उत्पादक रस्त्यावर उतरतात ते मिळणाऱ्या भावासाठी. पण वीगन माणसाची बाजूही ऐकून घ्या. गाय दूध देते ती वासरू झाल्यावर. निम्मी वासरं नर असतात. ट्रॅक्टर आल्यावर बैलाचं काम कमी झालं, आणि २०१५ च्या कायद्यानं राज्यात बैल, वळू यांच्या कत्तलीवरही बंदी आली. मग त्या नर वासराचं काय होतं, हा प्रश्न चहा पिणाऱ्या प्रत्येकाचा आहे. 'दूध म्हणजे अहिंसा' असं डोळे मिटून म्हणता येत नाही, एवढं वीगन विचारानं आपल्याला दाखवून दिलं, आणि ते मी मान्य करतो. शेतकऱ्याकडे बोट न दाखवता हा प्रश्न विचारता आला पाहिजे. कडधान्याला आणि तेलबियांना त्याला खात्रीचा भाव मिळाला तर उत्तराची सुरुवात होईल.

प्रश्न: लहान मुलांना असं जेवण द्यावं का? आमच्या घरी यावरून वाद चालू आहे.

उत्तर: हे व्याख्यानातून ठरवू नका. वाढत्या वयाचं मूल, गरोदर किंवा अंगावर पाजणारी आई यांच्या बाबतीत डॉक्टर आणि आहारतज्ज्ञ यांना विचारल्याशिवाय काहीही करू नये. तत्त्वज्ञानाकडून एवढंच सांगतो: त्याग स्वतःचा करता येतो, दुसऱ्याचा नाही. मूल मोठं होऊन आपलं आपण ठरवेल. तोवर घरात उसळ चविष्ट होत असेल, तर ठरवताना त्याच्यासमोर एक चांगला पर्याय असेल.